न फोडलेला नारळ

पुण्याहून मस्कतला निघाले, तेव्हा आईने माझ्या तळहातावर दही ठेवले आणि माझी बॅग धरून दाराशी उभ्या असलेल्या केतकीला विचारले, "मैत्रिणीला सोडायला जातेस ना विमानतळावर?" आम्ही दोघी सहा वर्षे एका घरात राहत होतो, आणि कोणत्या नात्याने ते आईला ठाऊक होते. केतकीने फक्त मान डोलावली.

त्याला चार वर्षे झाली. मस्कतजवळच्या बरका गावी समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत मी क्षार मोजते. राहते तिथून जवळच, सीब शहरात. इथे आमचे नाते गुन्हा ठरते, म्हणून कागदोपत्री आणि बोलण्यातही मी 'सिंगल'.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारून प्रश्न संसदेवर सोडला, ती बातमी मी नमुने तपासताना फोनवर वाचली. त्या सकाळी माझ्या तीन नोंदी चुकल्या. केतकीचा निरोप दोनच शब्दांचा होता : "जेवून घे."

गेल्या महिन्यात मला प्रयोगशाळाप्रमुखाचे पद देऊ केले गेले. सोबत फॅमिली स्टेटस, म्हणजे कुटुंब आणण्याची परवानगी, आणि मोठा फ्लॅट. याच पदासाठी मी घर सोडले होते. अर्जात पतीचे नाव आणि विवाहाचा दाखला मागितला होता. आमचे मालवणी ऑपरेटर सावंतकाका हसले, "मॅडम, आता तरी कोणाक घेवन येवा! येवढ्या घरात काय पालीच रवतल्यो?" मीही हसले आणि अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. मी गेल्यापासून केतकी दर महिन्याला तिची औषधे पोचवते. आमच्याकडे सुनेला ओटी भरल्याशिवाय निघू देत नाहीत.

"काल भरली तिची," आई म्हणाली. "तांदूळ, खण, नारळ. अवघडली बिचारी. म्हटलं, पदर नाही तर ओढणी पसर. सुनेला रिकामी पाठवू काय?" मग म्हणाली, "चार वर्षं पाठवली. चुकलंच माझं."

ओटीने कायदा बदलत नाही. वारसा, दत्तक, विवाहाचा दाखला, यांतले काहीही आम्हाला पुण्यातही मिळणार नाही. हे सगळे तपासून, पूर्ण शुद्धीत मी पद नाकारले आणि राजीनामा दिला.

"घरी वाट बघतायत," मी सावंतकाकांना सांगितले.

"आवस?"

"आईसुद्धा."

ते म्हणाले, "जावा. सांभाळून जावा."

घर म्हटले की आता मला आमच्या फ्रिजचा माथा दिसतो. ओटीचा नारळ केतकीने तिथेच ठेवला आहे, फोडलेला नाही.

"अशाने नासेल तो," मी शास्त्र सांगितले.

"मग लवकर ये," ती म्हणाली.