बॉयलरचं पाणी

मे महिना, सोमवार. पट्ट्याखाली सांडलेला कोळसा घमेल्यात भरून टाकला. शिफ्ट सुटली. पाणी शुद्ध करायच्या प्लांटमधल्या नळाखाली मी हात धरले, तर साहेबांनी मागून येऊन नळ बंद केला.

"हे बॉयलरचं पाणी आहे. तुझ्या तोंडासाठी नाही."

"साहेब, नातीचं बारसं हाय. इथूनच पेणला जायचंय."

"गेटाबाहेर नाला आहे. आणि एवढी गोरी होऊन करणार काय?"

बाजूचे ऑपरेटर हसले. त्यातले दोघं आमच्याच रोह्याचे. मी ओली बोटं पदराला पुसली. पदरही काळाच.

धाटावच्या या कंपनीचं वीजघर कोळशावर चालतं. कोळसा पट्ट्यावरून वर जातो, दळला जातो, बॉयलरात जळतो. पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं. बॉयलरच्या नळ्यांत क्षार धरू नये म्हणून थेंब न् थेंब शुद्ध करतात. नळ्यांना एवढं जपतात. पुरुषांना अंघोळीची शेड आहे. आम्हा ठेक्यावरच्या बायकांना दार लावून लुगडं बदलायलाही जागा नाही. रजा मागितली होती, तीही नाकारली. पिशवीतलं धुतलेलं लुगडं तसंच पेणला गेलं.

मुलीच्या सासरी अंगण भरलेलं. विहीणबाई दारातच म्हणाल्या, "अगोबाई! आधी न्हाणीत जा. पाळण्याला हात नका लावू."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. बादलीमागून बादली काळं पाणी वाहिलं. बाहेर आले तर बाळाच्या कानात नाव सांगून झालेलं, पाळणा म्हणून झालेला. कुणीतरी माझ्या हातावर घुगऱ्या ठेवल्या. मुलगी माझ्याकडं बघत नव्हती.

मान माझी खाली. आणि नळ बंद करणारा कंपनीच्या वसाहतीत पंख्याखाली आरामात. घुगऱ्या हातात तशाच राहिल्या. लाज त्याची होती. मी का म्हणून वाहायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा सुरू झाला. कोळसा सांडू लागला. मी फावडं उचललं नाही, तिथंच खाली बसले. माझ्या जोडीची सुभद्रा कुजबुजली, "उठ गो, काढून टाकतील."

"काढू देत. तूही बस."

ती बसली. मग बाकीच्याही बसल्या. ढीग पट्ट्याखालच्या रोलरला भिडला. पट्टा थांबवावा लागला. साहेब ओरडत आले. मी फावडं त्यांच्या चकचकीत बुटांपाशी ठेवलं.

"न्हाणी बांधा. दाराची, आतून कडी असलेली. तोवर हे फावडं तुमचं."