दाजी आले तेव्हा हातात असलेली पुंगळी

निवडचाचणीच्या आदल्या दिवशी माझं घरात कुठंच बूड टेकत नव्हतं. बंदूक पुसून झाली, चष्मा पुसून झाला, गॅलरीत जाऊन उगाच आभाळ बघून झालं. नेमबाजीच्या संघात जागा मिळवायची तर उद्याच, नाहीतर पुन्हा वर्षभर थांबा. आणि मातीच्या उडत्या तबकड्या फोडायची काडतुसं अजून वडिलांच्या टेबलावर उघडीच होती.

वडील कागलच्या एमआयडीसीत टर्नर होते. निवृत्तीनंतर माझ्यासाठी काडतुसं घरीच भरायला लागले. परवाना, कुलूप, सगळं नियमानं. वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीनं उभ्या करायच्या, प्रत्येकीत मापानं दारू, तिच्यावर प्लास्टिकचं बूच, मग छर्रे, आणि शेवटी हातप्रेसनं तोंड बंद. दारू भरताना लक्ष ढळू नये म्हणून घरात मिक्सरसुद्धा लावायचा नाही, असा त्यांचा दंडक. आई वैतागायची. मी जास्तच, कारण मला गप्प बसणं मुळात जमतच नाही.

त्या दुपारी ओळ अर्ध्यावर आली आणि दारात गाडी थांबली. गडहिंग्लजहून आत्याचे यजमान आले होते. आमच्याकडं बहिणीचा नवरा म्हणजे दाजी, आणि दाजी दारात आले असताना मेहुणा बसून राहिला तर घराण्याची अब्रूच गेली म्हणायची. वडील ताडकन उठले.

"या या दाजी, या!"

पाणी झालं, चहा झाला, म्हशीपासून जावयापर्यंत सगळ्यांची चौकशी झाली. दाजींना तुटक उत्तर चालत नाही. मी आतल्या आत चरफडत येरझाऱ्या घालत होते.

शेवटी वडील टेबलाशी परतले आणि त्यांनी राहिलेलं काम उरकलं. काडतुसं डब्यात पडली, झाकण लागलं. झाकणावर हात ठेवून ते तसेच उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"दाजी आलं तवा हातात एक पुंगळी हुती. तिच्यात दारू घातली का न्हाई, ध्यानात न्हाई."

 बिनदारूचं काडतूस नुसतं फुसकं निघत नाही. बुडातल्या ठिणगीच्या टोपीच्या जोरावर बूच नळीत अर्ध्यावर जाऊन अडकतं, घाईत ते कळत नाही, आणि पुढच्या बाराला नळीच फुटते. तीही चेहऱ्यापुढंच. वजन करून बघू, मी म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. दारू चिमूटभर, तेवढा फरक छर्र्यांतही पडतो.

त्यांनी कटर उचलला.

"सगळी फोडणार?" माझा आवाज चढला. "एकीसाठी? घातली असणार की तुमी! जन्मभर मापातच काम केलंय न्हवं?"

त्यांनी पहिलं काडतूस कटरखाली धरलं. काडतूस चिरायचं, छर्रे एका वाटीत, दारू दुसरीत. चिरलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही, आणि तयार काडतुसं त्या आठवड्यात कुठंच मिळत नव्हती. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सोफ्यावरच्या दाजींचा चहा गार झाला होता. "अवो मेव्हणं, पोरीचं उद्याचं काय?"

"उद्या न्हाई जायाचं," वडील मान वर न करता म्हणाले.

मी रडले, दार आपटलं, परत आले. दुसरीकडं कुठं जाववतही नव्हतं. प्रत्येक पुंगळीतून दारू निघत होती आणि प्रत्येकीला माझा संताप वाढत होता. अखेरचं काडतूस चिरलं. त्यातही दारू होती.

"बघा!" मी ओरडले. "बघा! समद्यांत हुती! गेली माझी चाचणी!"

वडिलांनी कटर खाली ठेवला आणि ते खुर्चीत बसले. मघापर्यंत दगडासारखे स्थिर असलेले त्यांचे हात आता लटलटायला लागले होते. चेहरा मात्र असा खुलला होता की जणू पोरगी दवाखान्यातून धडधाकट घरी आली.

"समद्यांत हुती," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "समद्यांत हुती, पोरी."

मला त्यांचा भयंकर राग आला होता. तरी त्यांचे हात थांबेपर्यंत मी ते माझ्या हातांत धरून बसले.