गहू की मासे

कमळाकर म्हात्रे राहतात धरमतर खाडीकाठी आणि रोह्याच्या एका कंपनीत फिटर आहेत. त्यांचं पोट रोज दुपारनंतर नगाऱ्यासारखं फुगायचं. ओवा झाला, काढा झाला, मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. शेवटी बायको चंद्रावती त्यांना पेणच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. रक्त तपासलं. गव्हाने आतडं खराब करणारा मोठा आजार निघाला नाही. पण गहू नुसताच सोसत नसेल, तर ते रक्तात दिसत नाही. तो सोडून पाहावं लागतं.

“महिनाभर गहू, मैदा, रवा बंद,” बाई म्हणाल्या. “फरक नाही पडला, तर मग मासे बंद करून बघू.”

चपातीचं कमळाकरांना सोयरसुतक नव्हतं, घरात तांदळाची भाकरी होतीच. पण मासे? सासरी जिताडा मिळाला नाही म्हणून एकदा ते उपाशी परतले होते.

महिना गेला. पोट तसंच.

“उद्यापासून मासे बंद,” चंद्रावती म्हणाली.

“थांब गो जरा.”

“काय थांब? कंपनीत काय खाता?”

“तुझीच भाकरी.”

“आनि चायसोबत?”

“बटर. बेकरीतला, कडक. बुडवून. त्ये काय जेवन हाय?”

“मंग काय औषध हाय? मैद्याचा असतो तो!”

बटर बंद झाला आणि पोट उतरलं. तरी बाईंचं समाधान होईना. “आता पुन्हा गहू खा. पोट फुगलं तर गहूच. नाही फुगलं, तर माशांकडे वळू.”

पोट बिघडू दे म्हणून एकवीरा आईला नवस बोलणारे गावातले ते पहिलेच असावेत. सकाळी चपात्या, दुपारी चपात्या, चहाला बटर. पहिला दिवस कोरडा गेला. कमळाकरांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटली तेव्हा मात्र सदऱ्याचं खालचं बटण लागेना. कण्हत, हसत ते घरी आले.

“फुगला गो! हात लावून बघ!”

चंद्रावतीने दोन्ही हातांनी चाचपून खात्री केली.

“व्हय, गहूच. आता गप पडा.”

“जिताडा आन ना.”

“आज पेज. असल्या पोटात जिताडा घालून त्याची बदनामी नाय करायची.”