पेंटरअण्णांच्या फळ्यावरची मॅच

१९९४ साल. मी छप्पन्न वर्षांचा होतो, आणि आमच्या पेंटरअण्णांइतका रक्ताला घाबरणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, पुढेही नाही. कोंबडीचं दुकान आलं की अण्णा रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. आणि हाच माणूस रविवारी संध्याकाळी फळ्यावर लिहायचा, "आपल्या वाघांनी खालच्या गल्लीचा कोथळा काढला." स्कोर असायचा एक-शून्य.

अण्णा आमच्यातलेच, मराठी. दुकानांच्या पाट्या रंगवून म्हातारे झालेले. बेंगळुरूच्या जुन्या पेठेत वरची गल्ली आणि खालची गल्ली मिळतात त्या नाक्यावर बेकरी होती, तिच्या भिंतीवर तो फळा. आटलेल्या तळ्यात फुटबॉलची मॅच झाली की अण्णा खडूने कन्नडमध्ये हकीकत लिहायचे. अक्षर असं, की पाव घ्यायला आलेली बाईसुद्धा थांबून वाचायची. मी तिसरी शिकलेला, वरच्या गल्लीच्या पोरांना खेळवणारा. पण तो फळा मी अक्षराला बोट न लावता वाचायचो.

एकदा मी विचारलं, "अण्णा, त्यांच्या पोराने ढकललं की तो रावडी. आपल्याने ढकललं की शूर. असं कसं?"

"पेपर वाचतोस का तू?"

"नाही."

"मग गप बस. साहेबांच्या क्लबचा पोरगा पाडतो, तेव्हा पेपर लिहितो जिद्द. आपला पाडतो, तेव्हा लिहितो गुंडगिरी. जन्मभर त्यांचं वाचलं. हा फळा माझा आहे. स्वल्प आपलंही चांगलं लिहू दे की!"

मला ते पटलं. आवडलंही.

मॅच अण्णा बघायचे कमी, ऐकायचे जास्त. दोन पोरं एका बॉलवर धावली की डोळे घट्ट मिटायचे. उघडले की टाळ्या कुठून येतात ते बघायचे. आपल्या बाजूने टाळ्या, म्हणजे आपलं बरोबर. पोरं चिडवायची, "अण्णा, उघडा डोळे, कत्तल संपली." तेही हसायचे, "सरी सरी, बरं बरं, कोण मेलं?"

त्या रविवारी आमच्या बाबूने खालच्या गल्लीच्या शेखरच्या नडगीवर दोन्ही पायांनी उडी घातली. बॉल कधीच पुढे गेला होता. नारळ फुटावा तसा आवाज झाला. हाड कातडं फाडून बाहेर आलं, मोजा रक्ताने भरला. शेखरचं तोंड उघडं होतं, पण आवाज निघत नव्हता. आमची पोरं शिट्ट्या मारत होती. मी बाबूच्या कानाखाली जाळ काढला आणि शेखरला ऑटोत घालून इस्पितळात नेलं.

परत येतो तर फळा लिहून झालेला. "आपल्या बाबूने स्वच्छ बॉल काढला. खालच्या गल्लीचा हिरो बाळंतपणाच्या कळा आल्यासारखा लोळला. नाटक बघून लोक हसले."

"अण्णा, पुसा ते. हाड बाहेर आलं होतं पोराचं."

"लिहिलेलं पुढच्या रविवारपर्यंत पुसायचं नाही. पेपर पुसतो का कधी?"

सोमवारी संध्याकाळी शेखरचा थोरला भाऊ मुनी आला. हातात सायकलची चेन. अण्णांची मान धरून त्याने त्यांना फळ्यासमोर उभं केलं. "ओदु," म्हणाला. वाच.

अण्णा वाचायला लागले. 'स्वच्छ' झालं, 'हिरो' झालं, 'नाटक'पाशी आवाज अडकला.

"मोठ्याने! आज गुडघ्याखालून पाय कापला त्याचा. नाटक बघायला चला, अण्णा."

अण्णांनी पुसायला हात वर केला. चेन त्याच हातावर पडली. "आता कशाला पुसतोस? सगळ्या पेठेने वाचलं!" पुन्हा बोटांवर, मग तोंडावर. चष्मा फुटून भुवईत घुसला. मी मुनीच्या कमरेला मिठी घातली, त्याने कोपराने माझे दात पाडले, तरी मी त्याला सोडला नाही. तोवर दोन्ही गल्ल्यांची पोरं दांडकी घेऊन आली. बेकरीची काच फुटली, बाबूचं डोकं फुटलं. अण्णा पायरीवर बसून पावांवर उडालेलं रक्त बघत होते. डोळे उघडे होते.

इस्पितळात जाताना ऑटोत अण्णांनी विचारलं, "खरंच हाड बाहेर आलं होतं?"

"हो, अण्णा."

"तू सांगितलंस तेव्हा मला वाटलं, तूही फळ्यासारखंच बोलतोयस."

त्या हाताने त्यांनी पुन्हा खडू धरला नाही. महिन्याभरात मुलगी त्यांना आनेकलला तिच्या घरी घेऊन गेली, आणि ते तिथेच वारले. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. स्वतः मुंगी मारणार नाहीत, पण लिहितील ते चेनीसारखं.

मारामारीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, सुजलेल्या तोंडाने, मी जाऊन फळा पुसला. वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, "बाबूने पायावर उडी मारली. बॉल तिथे नव्हता. शेखरचा पाय गेला." खाली माझं नाव घातलं आणि काठी घेऊन फळ्याखाली बसलो. पुसायला पहिला आला तो बाबूचा बाप, आमच्याच गल्लीतला. मी काठी उचलली.