आतेने सोडलेले मासे

आमच्या आतेच्या हातचं बांगड्याचं तिखलं सगळ्या वाडीने खाल्लं होतं, फक्त आतेने नाही. तिरफळं किती, कोकमाचं आगळ किती, मीठ किती, सगळं बेताचं. पण चाखणं नाही. टोपावरचं झाकण उचलून ती नाक पुढे करायची आणि म्हणायची, "मीठ वायच कमी आसा." बघावं तर खरंच कमी असायचं. पाव्हणे कौतुकाने माना डोलवायचे. मला मात्र तेव्हाही राग यायचा, कारण तिने मासे सोडले होते ते माझ्यासाठी, आणि मला न विचारता.

आते माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, मिठबावला आमच्याच घरात राहिली आणि घर चालवलं. मी दहावीत असताना भातलावणीच्या चिखलातून मला लेप्टोचा ताप आला. डोळे पिवळेजर्द, लघवी बंद. मला गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिकडे डॉक्टर मशीन लावून, सुया टोचून माझ्याशी झटत होते, तेव्हा इकडे आतेने देवळात जाऊन सांगितलं, "चेडू बरा होवन घराक येवंदी. मगे मिया जल्मात मासो खावचंय नाय." मी घरी आले आणि आतेच्या ताटातून मासा गेला. पेडव्याचे काटे चोखत तास-तास बसणारी बाई ती. अंडं-मटण नवसात नव्हतं, तेही तिने सोडलं. का, तर म्हणे, "अर्धोमुर्धो नवस कित्याक?"

उरलं काय, तर पेज, कुळथाची पिठी, अळू, फणसाची भाजी, सोलकढी. सगळं परसातलं, ताजं, घरचं. दुधाचा तिला लहानपणापासून वास यायचा, चहासुद्धा कोरा. गाव म्हणायचा, किती सात्त्विक बाई. सात्त्विक या शब्दाचा मला तेव्हापासून तिटकारा आहे. हा शब्द वापरणारा एकही माणूस स्वतःच्या ताटातली कोलंबी आमच्यासमोर बाजूला सारत नव्हता.

त्यातला पुढारी म्हणजे माझा चुलतभाऊ सुहास. मुंबईची नोकरी सोडून त्याने गावात पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आणि मोबाईलवर आरोग्याचे व्हिडिओ करू लागला. रोज सुरमई खायची आणि वर माशाच्या तेलाची कॅप्सूल गिळायची, अशी त्याची अक्कल. टेबलावर पावडरींचे डबे उतरंडीसारखे रचलेले. एकदा आतेचं ताट पुढ्यात ठेवून तो मोबाईलला सांगत होता, "बघा मित्रांनो, या ताटात सगळं आहे. निसर्गाने दिलेलं खा, गोळ्यांची गरजच पडणार नाही." मोबाईल बंद केला आणि आतेला म्हणाला, "आते, तुका डॉक्टर नुको नि औषध नुको." आतेला ते पटलं. सुहास शिकलेला, त्यात टोपी घालून बोलणारा.

त्यानंतर आतेच्या पायातली चप्पल वाटेत निसटायला लागली. चप्पल गेल्याचं तिला कळायचंच नाही. ती अनवाणी घरी यायची आणि शेजारची पोरं मागून चप्पल आणून द्यायची. सगळे हसायचे, तीही हसायची. मग ती जीभ जळजळते म्हणू लागली, अंधारात तोल जाऊ लागला, आणि एके दिवशी तिखल्यात तिने दोनदा मीठ घातलं. त्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही.

मी तिला देवगडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, चांगली होती. रक्त तपासून म्हणाली, "आजी, तुमचं जेवण उत्तम आहे. पण बी-ट्वेल्व्ह पालेभाजीत नसतं, कुळथात नसतं. नसा त्याच्यावाचून वाळत चालल्यात. आता इंजेक्शनं घ्यायची, मग कायम गोळी." इथवर ठीक होतं. पण समजावून सांगायच्या भरात ती पुढे म्हणाली, "पूर्वी तुम्हाला जे माशातून मिळायचं ना, तेच या इंजेक्शनात आहे."

आतेने वर केलेली बाही खाली ओढली. "म्हणजे मासोच झालो," ती मला म्हणाली. बाईंनी घाईघाईने सांगितलं की यात मासा नाही, हे कारखान्यात जंतूंपासून तयार करतात. जंतू म्हटल्यावर आते उठूनच उभी राहिली.

मी गोळ्यांची वकील नाही. सुहासचे डबे समुद्रात नेऊन ओतले तर माशांचंही नुकसानच होईल, फायदा कोणाचा होणार नाही. धडधाकट माणसाने चारीठाव जेवून वर गोळ्या गिळणं हा निव्वळ माज आहे. पण जिच्या ताटात ती एक गोष्ट नव्हती आणि येणारही नव्हती, तिला ती गोळी हवीच होती. ज्याला गरज नाही तो मूठभर गिळतो, आणि जिला गरज आहे तिला सांगतो की तुझ्या ताटात सगळं आहे. याची चीड मी कुठे ठेवू?

शेवटी मी तिला म्हटलं, देवाकडेच कौल लावू. आमच्याकडे देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने विचारलं, हिने औषध घ्यावं का. उजवी पाकळी लगेच पडली. मी आतेचा हात धरला आणि म्हटलं, "सुटलीस गो आते."

आतेने देवाला हात जोडले. मग म्हणाली, "देवान सोडल्यान, तो त्याचो मोठेपणा. पण मिया औषध घेतलंय आणि तुका काय झाला, तर मगे मिया कोणाक इचारू?"

मी तिथेच भांडले. मला मशीनने वाचवलं, सलाईनने वाचवलं, तुझ्या माशांनी नाही, असं तोंडावर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन माझ्यासाठी बांगडे तळले. त्यानंतर कितीही आदळआपट केली तरी तिने सुई टोचून घेतली नाही.

गेल्या पावसाळ्यात ती विहिरीजवळ पडली. खुबा मोडला, मग अंथरूण सुटलंच नाही. भान जायचं, यायचं. भानावर आली की एकच विचारायची, "तू बरी आसस मा?" हो म्हटलं की डोळे मिटायची, जणू तिचं काम चोख चाललं होतं. मला तिचा भयंकर राग यायचा. असाच तो प्रश्न विचारत ती गेली.

यंदाच्या जत्रेला मी देवळात गेले. सगळा गाव जमला होता. गाऱ्हाणं घालताना, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाकडे मागताना, मानकरी गावकराने आतेचं नाव घेतलं. म्हणाला, "जीव गेलो तरी तिना शब्द मोडूक नाय, तशी बुद्धी आमच्या सगळ्या बायकांका दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव एका सुरात म्हणाला. सुहासचा आवाज सगळ्यांत मोठा.

"नाय म्हाराजा," मी म्हटलं.

गाऱ्हाणं थांबलं. बायकांतून कोणीतरी माझा पदर ओढला. गावकराने वळून, कोण बोललं ते बघितलं. मी उभी राहिले आणि त्याच्याकडे बघून पुन्हा तेच म्हटलं.