धोंड्याच्या महिन्यातलं मागणं

मारोतराव दाजी गेले. माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर आईवडिलांच्या आधी मी त्यांचं नाव घेतो, आणि आईवडील असते तर त्यांनाही त्यात वावगं वाटलं नसतं. दाजी माझ्या थोरल्या बहिणीचे, शेवंताताईचे यजमान. दीड महिन्यापूर्वी परभणीहून भाच्याचा फोन आला. "मामा, आबा गेले," एवढंच तो म्हणाला. दाजींचं वय झालं होतं, दुखणं लांबलं नाही, घरच्या माणसांच्या हातचं पाणी पिऊन गेले. त्या अर्थानं तक्रार करावी असं काही नाही. भेटायला येणारे लोक त्यांच्या कापसाच्या जिनिंगमधल्या नोकरीबद्दल, शांत स्वभावाबद्दल बोलत होते. मी भिंतीला टेकून ऐकत होतो आणि मला सारखा एकच उन्हाळा आठवत होता. इतका सुखाचा उन्हाळा आमच्या घरात पुन्हा आला नाही, आणि माझं पुढचं सगळं आयुष्य त्या उन्हाळ्यात, एका जेवणाच्या ताटावर ठरलं.

आम्ही गंगाखेडचे. निजामाचं राज्य होतं. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. त्यांचं धान्याचं छोटं दुकान होतं. व्यवहारात ते चोख होते, पण अक्षरओळख नव्हती. कुठल्या व्यापाऱ्याची चिठ्ठी आली की ती खिशात घालून ते दोन आळ्या ओलांडून एका कारकुनाच्या ओसरीवर जात आणि त्याला सवड होईपर्यंत बसून राहत. मी गावातली शाळा पुरी केली त्या वर्षी त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढं शिकायचं तर परभणीला जावं लागे, आणि तिथं सगळं उर्दूतून. गणितसुद्धा. "लिहायवाचायला आलं, लय झालं," दादा म्हणाले, "आता दुकानावर बस. मला कुणाच्या ओसरीवर बसायला नको." मला मास्तरांनी पुढं शिक म्हणून सांगितलं होतं. मी ते घरात बोललो नाही. त्या काळी आमच्या घरात मुलांनी आपलं आपण काही मागायची पद्धत नव्हती.

त्या वर्षी अधिक महिना ऐन वैशाखात आला होता. ताईच्या लग्नानंतरचा तो पहिलाच धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला बोलावून, पाटावर बसवून धोंडे खाऊ घालायचा मान. दाजी परभणीच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाचा हंगाम संपला की जिनिंग बंद असे, म्हणून ताई आणि दाजी चैत्रातच रेल्वेनं गंगाखेडला आले ते थेट दोन महिने राहायला. जावई इतके दिवस राहिला की लोक नावं ठेवतात, पण दादांचं म्हणणं होतं, "ठिवू द्या. माझा जावई हाय, मी ठिवून घेतलाय."

दादांचे जिवलग मित्र म्हणजे हुसेनभाई. नदीवरच्या नावेचं गुत्तं, म्हणजे ठेका, त्यांच्याकडं होता. पावसाळ्यात गंगा, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, दुथडी भरली की माणसं, शेळ्या, पोती, सगळं त्यांच्या नावेतून पलीकडं जाई. उन्हाळ्यात मात्र लोक गुडघाभर पाण्यातून चालत जात आणि नाव घाटाखालच्या डोहात रिकामी पडून राही. मग ती आमची होई. संध्याकाळी ऊन कललं की आमचं घर आणि हुसेनभाईंचं घर, दोन्ही घरं नावेत. हुसेनभाईंची बायको फातमाभाभी आणि माझी आई गूळ-शेंगदाण्याचं गाठोडं घेऊन मधोमध बसत. डोह ओलांडून पलीकडच्या वाळूवर टरबुजाच्या वाड्या होत्या. तिथं जाऊन टरबूज फोडायचं, वाळूत पाय पसरून खायचं, आणि अंधार पडायच्या आत परतायचं. पुढं निजामीच्या शेवटच्या वर्षात दिवस फार वाईट आले, पण या दोन घरांचं येणंजाणं थांबलं नाही, याचं मूळ मला त्या नावेत दिसतं.

दाजींना पोहता येत नव्हतं आणि नावही चालवता येत नव्हती, पण जावई म्हणून नुसतं बसणं त्यांना पटेना. ते बांबू हातात घेत आणि नाव जागच्या जागी गरगर फिरे. फातमाभाभी पदर तोंडाला लावून हसत. "मारोतराव, ही नाव हाय," आई म्हणे, "तुमच्या जिनिंगचं चाक न्हाई." दाजी घामाघूम होऊन बांबू खाली ठेवत आणि म्हणत, "मामी, चाकाला निदान कळ तरी असती. दाबली की थांबतंय. हिला कळ कुठं हाय ते दावा." ते एरवी कमी बोलत, पण नावेत त्यांना बोलायचं सुचे.

त्याच चैत्रात राणीसावरगावला मामाच्या मुलाचं जावळ होतं. आम्ही दोन बैलगाड्या जुंपून निघालो. हुसेनभाईंचं घरही बरोबर होतं. पहाटे निघून उन्हं चढायच्या आत पोचायचं होतं, पण रस्त्यात एका गाडीचा कणा मोडला आणि सगळ्यांना एका लिंबाखाली दुपार काढावी लागली. फातमाभाभींनी गुळाची गाठ कुठल्याशा जुन्या छापील कागदात बांधून आणली होती. करमत नव्हतं म्हणून मी तो कागद सोडून मोठ्यानं वाचायला लागलो. औषधाची जाहिरात होती, त्याच्याखाली कुठल्याशा दूरदेशी झालेल्या भूकंपाची बातमी, ती अर्धी फाटलेली. बायका ऐकत होत्या. दाजी मात्र गाडीचं चाक सोडून जवळ येऊन बसले. बातमी जिथं फाटली होती तिथं मी थांबलो तर म्हणाले, "पुढं काय झालं असंल?" मला येत होता तेवढा भूगोल सांगून मी पुढची बातमी मनानंच पुरी केली. त्यांनी ती सगळी ऐकून घेतली. नंतर विचारलं, "नामदेव, तुला शिकायचंय का?" मी दादांकडं बघितलं. दाजींना तेवढं पुरलं. दाजींची स्वतःची शाळा वडील गेल्यामुळं चौथीतच सुटली होती, हे मला पुढं ताईकडून कळलं.

अधिक महिना लागला आणि घरात एकच विषय झाला, जावई काय मागणार. आमच्याकडं रीत अशी, की धोंड्याच्या ताटावर जावयानं रुसून बसायचं, सासऱ्यानं विचारायचं आणि जावयानं मागायचं. मागणं मान्य झाल्याशिवाय पहिला घास तोंडात घालायचा नाही. घास खाल्ला, म्हणजे रुसवा संपला, मागणंही संपलं. एका संध्याकाळी नाव डोहाच्या मध्यावर असताना हुसेनभाईंनी दादांना डिवचलं. "क्या रंगनाथ, दामाद को क्या देने का सोच्या? की नुसते धोंडे खिलाके भेजने का?" दादा त्या दिवशी फार खुशीत होते. त्यांनी वाकून ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाले, "मागल ते देईन. ही गंगामाय ऐकायलीय." आई एकदम म्हणाली, "आवो, असं पाण्यात बसून काय बोलायलात!" पण शब्द गेला होता. हुसेनभाई टाळी देऊन म्हणाले, "हौ, सायकल गई तेरी!" दाजी रोज जिनिंगला चालत जातात हे सगळ्यांना माहीत होतं. दुसरं काय मागणार? दादांनाही तसंच वाटलं. त्यांनी आधीच परभणीहून एक सायकल मागवली आणि हुसेनभाईंच्या घरी लपवून ठेवली.

धोंड्याच्या दिवशी ताई आणि दाजी शेजारी शेजारी पाटावर बसले. रांगोळी, समई, ताटात पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार. दाजी हात मांडीवर ठेवून बसले. बायका हसू दाबत होत्या. दादा म्हणाले, "मारोतराव, जेवा की. का रुसलाव? काय पायजे ते मागा." तेवढ्यात ठरल्याप्रमाणं हुसेनभाईंनी अंगणातून हार घातलेली सायकल आत आणली. घंटी वाजवली. सगळे हसले. दाजी हसले नाहीत.

"मामा, सायकल नको," ते म्हणाले. "नामदेवला द्या."

"नामदेवला? सायकल?"

"सायकल न्हाई. नामदेवच द्या. परभणीला माझ्याकडं राहील. शाळंत घालतो."

घंटीवरचा हुसेनभाईंचा हात तसाच राहिला. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. दादांचा चेहरा उतरला. ते हळू आवाजात म्हणाले, "येवढं सोडून काय बी मागा, मारोतराव. एकुलता एक हाय. मला कोण हाय दुसरं?"

दाजी दादांना त्यांच्या शब्दाची आठवण देऊ शकले असते. सगळे साक्षीला होते. पण त्यांनी दादांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "मग राहू द्या, मामा." आणि त्यांनी धोंडा मोडला, घास उचलला. तो तोंडात गेला असता तर विषय तिथंच मिटला असता. मी आज धान्याची पोती मोजत नाही, हे लिहितो आहे, याचं कारण एवढंच, की ताईनं त्यांचं मनगट धरलं. दादांसमोर कधी मान वर करून न बोललेली माझी बहीण म्हणाली, "घास खाली ठिवा." मग दादांकडं वळली. "दादा, तुमी गंगेचं पाणी हातात घिऊन बोललात. मी ऐकलंय. मला सायकल नको, मला माझा भाऊ शिकल्याला पायजे."

दादा उठले आणि बाहेर गेले. चप्पल न घालता, त्या उन्हात. हुसेनभाई सायकल भिंतीला लावून त्यांच्या मागं गेले. आम्ही सगळे बसून राहिलो. समई विझली, ताटातले धोंडे गार झाले. ताईनं मनगट सोडलं नव्हतं. दादा आणि हुसेनभाई नावेत जाऊन बसले होते, असं नंतर कळलं. काय बोलले, की काही बोललेच नाहीत, ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. परत आले तेव्हा दादांचं धोतर ओलं होतं. ते पाटासमोर बसले, स्वतःच्या हातानं घास केला आणि दाजींपुढं धरून म्हणाले, "न्या. पर सणासुदीला माझ्याकडं धाडायचं." दाजींनी तो घास घेतला. मग कुठं आई रडली.

सायकल दाजींनी नेली नाही. दोन मागणी घेऊ नयेत, म्हणाले. परभणीला पोचल्यावर त्यांच्या आईनं, ज्यांना मी पुढं आत्या म्हणायला लागलो, दारातच आमचं सामान बघितलं, मला बघितलं आणि कपाळावर हात मारला. "लोकांचे जावई सासुरवाडीहून सायकल आणतेत, आंगठी आणतेत. माझ्या लेकानं मेव्हणा आणला!" हे वाक्य त्या माउलीनं पुढं कित्येक वर्षं आल्यागेल्याला ऐकवलं, आणि तेच म्हणता म्हणता मला ताजी भाकरी वाढली. दादा मात्र बराच काळ दाजींना नावानं हाक मारत नसत. "परभणीवाले आले का," असं आईला विचारत. मी दिवाळीला घरी गेलो की कापडात बांधून ठेवलेल्या चिठ्ठ्या माझ्यापुढं ठेवत. मी वाचत असे आणि ते डोळे मिटून ऐकत. त्यातल्या कितीतरी चिठ्ठ्यांची कामं केव्हाच होऊन गेलेली असत. तरी ते ऐकत.

परभणीची ती एक खोली... हंगामात दाजी घरी येत ते केसांत, भुवयांवर कापूस घेऊन. हातपाय धुऊन बसले की विचारत, "आज काय नवीन?" मी उर्दूतून शिकलेलं मराठीत सांगायचो आणि सांगता सांगता ते मला कळायचं. कधी मी कंटाळून "काही नाही" म्हणालो, तर ते "बरं" म्हणून गप्प बसत, आणि त्या गप्प बसण्याचीच मला धास्ती वाटे. मॅट्रिक झालो, हैदराबादला गेलो, बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिलाच. निकाल कळला त्या दिवशी मी दाजींना पत्र पाठवलं. परवा ताईनं ते माझ्या हातात दिलं, म्हणाली, "तुझंच हाय, तू ठिव." ते वाचून मला हसूही आलं, आणि... असो. कसल्याही दुरुस्तीशिवाय ते इथं उतरवतो.

"तीर्थरूप मारोतराव दाजी यांस, शिरसाष्टांग नमस्कार. मी बी.ए. पास झालो. भिंतीवर लावलेली यादी तीन वेळा वाचली, शेजारच्या मुलाकडूनही वाचून घेतली, तेव्हा खात्री झाली. सोबत एक वेगळं पत्र आहे, ते दादांना आहे. ते टपालानं थेट धाडलं असतं तर ते घेऊन दादांना कुणाच्या तरी ओसरीवर जावं लागलं असतं, आणि ही बातमी त्यांनी परक्या माणसाच्या तोंडून ऐकावी असं मला वाटत नाही. तरी आपण एक दिवस रजा काढून रेल्वेनं गंगाखेडला जावं आणि ते त्यांना आपल्या तोंडानं वाचून दाखवावं. ते आपल्याशी नीट बोलत नाहीत हे मला माहीत आहे. म्हणूनच आपण जावं. ऐकून काही बोलले नाहीत तर उठून येऊ नये, पुन्हा एकदा वाचावं. ताईला आणि आत्यांना नमस्कार. मला नोकरी लागेपर्यंत कुणाला सांगू नये, सांगितलं तरी चालेल. खाली नावापुढं पदवी लिहिली आहे, ती फक्त आपण बघावी म्हणून. एरवी मी अशी लिहिणार नाही. आपला, नामदेव रंगनाथ, बी.ए."