कोणता पाडा

मे महिन्यातला बाजाराचा दिवस. मोखाड्याहून जव्हारकडे जाणारी जीप भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून आम्ही उन्हात बसून होतो. माझ्या शेजारी सुकटीची पिशवी मांडीवर घेतलेली पन्नाशीची बाई होती. पुढच्या सीटवर इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला माणूस. तिघांचीही एकमेकांशी ओळख नव्हती.

जीप सुटली आणि विषय निवडणुकीवर आला. आपल्या पक्षाने इकडे रस्ते आणले, टँकर सुरू केले, असं तो माणूस सांगत होता. त्याची आई डोंगर उतरून झऱ्यावरून पाणी आणायची. बाई म्हणाली, तिची सून आजही तसंच आणते. टँकर चार दिवसांनी येतो, विहिरीत पाणी ओततो, ते गढूळ होतं आणि संध्याकाळपर्यंत संपतं.

"पाणी आमचं पिता मावशी, आणि मत दुसऱ्याला?" तो हसत म्हणाला.

"टँकर काय तुमच्या न्हाणीत भरतात? आमी नाय दिलं मत. पुढच्या खेपेलाबी नाय देणार."

जीपमध्ये हशा पिकला. तोही हसला. तेवढ्यात मी विचारलं, "कोणता पाडा तुमचा?" कुणी काही बोललं की त्याचं गाव विचारायचं, ही बातमीदारीतली जुनी सवय. तिने पाड्याचं नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

त्या माणसाचं हसू थांबलं. त्याने मान वळवून तिला नीट पाहून घेतलं. पुढच्या फाट्यावर तो उतरला तेव्हा त्याची बॅग काढून द्यायला ड्रायव्हर स्वतः खाली उतरला. जाताना तो माणूस खिडकीशी थांबला.

"येतो मावशी. पाडा लक्षात राहील."

जीप पुन्हा सुरू झाल्यावर ड्रायव्हरने सांगितलं, त्या बाजूचा टँकरचा ठेका त्या माणसाकडेच आहे. बाईने हळूच मला विचारलं, "माझ्यापायी पाड्याचं पाणी बंद करंल काय?"

टँकर कचेरीतून मंजूर होतो, असा कुणाला बंद करता येत नाही, असं मी म्हणालो. मला ते खात्रीने माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी त्या पाड्याची टँकरची पाळी होती. मी गेलो. विहिरीभोवती सकाळपासून हंडे मांडलेले होते आणि बायका वळणाकडे बघत बसल्या होत्या. टँकर नेहमी दहाला येतो, असं त्यांच्यातली एक म्हणाली. बारा वाजले होते. हा कोण, असं तिने माझ्याकडे बघत जीपमधल्या बाईला विचारलं.

"म्हायती नाय," ती म्हणाली.

जीपमध्ये काय झालं ते तिने पाड्यात कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

एकच्या सुमारास टँकर आला. वाटेत टायर पंक्चर झाला, एवढंच चालक बोलला. विहिरीत पाणी पडताच दोर खाली गेले. ती मात्र मागे उभी राहिली. सगळ्यांचे हंडे भरल्यावर तिने आपला दोर सोडला. डोक्यावर हंडा घेऊन माझ्याजवळून जाताना तिने मान वळवली नाही.

"परत येऊ नका," ती म्हणाली. "पुढचा टँकर चार दिवसांनी हाय."